क्वांटम गुरुत्वाकर्षण शिकायचंय? मुंबईत राहून सुरुवात अशी करा

"सर, स्ट्रिंग थिअरी बरोबर की लूप?" भौतिकशास्त्र शिकवताना हा प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच. विचारणाऱ्याने बरेच व्हिडिओ पाहिलेले असतात. दहा मिती, कंप पावणारे तंतू, अनेक विश्वं, सगळं तोंडपाठ असतं. पण हे सिद्धांत नेमकी कोणती अडचण सोडवायला निघालेत, असं उलट विचारलं की गाडी अडते. "व्यापक सापेक्षता आणि पुंजयामिकी यांचं एकमेकांशी पटत नाही," एवढंच उत्तर मिळतं. (व्यापक सापेक्षता म्हणजे आइन्स्टाइनचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत, पुंजयामिकी म्हणजे क्वांटम मेकॅनिक्स.) कुठे पटत नाही आणि किती पटत नाही, हे कुणी सांगितलेलंच नसतं.

या विषयात शिरायचं दार म्हणजे हाच 'कुठे' आणि 'किती'. ते एकदा हाताशी आलं की पुढचे सगळे सिद्धांत समजायला सोपे जातात असं नाही, पण प्रत्येकाला काय विचारायचं ते कळतं. हा लेख बीएस्सी करणाऱ्यांसाठी आहे आणि नोकरी सांभाळून मनापासून शिकू पाहणाऱ्यांसाठीही आहे. पहिल्या तीन पायऱ्या दोघांना सारख्याच.

पायरी पहिली: कागद, पेन आणि तीन स्थिरांक

कुठलंही पुस्तक उघडण्याआधी हे गणित स्वतःच्या हाताने करा. बारावीचं गणित पुरतं.

तीन संख्या लिहून काढा. न्यूटनचा गुरुत्वस्थिरांक 'जी': ६.६७ गुणिले १० चा उणे ११ वा घात. प्लांकचा स्थिरांक भागिले दोन पाय, म्हणजे 'एच-बार': १.०५ गुणिले १० चा उणे ३४ वा घात. प्रकाशाचा वेग 'सी': ३ गुणिले १० चा ८ वा घात. तिन्ही मीटर-किलो-सेकंदात. पहिला स्थिरांक गुरुत्वाकर्षणाचा, दुसरा पुंजयामिकीचा, तिसरा सापेक्षतेचा. आता या तिघांपासून एक लांबी तयार करायची आहे. एककं जुळवत गेलात तर एकच मांडणी सापडते: जी आणि एच-बार यांचा गुणाकार करा, त्याला सी च्या घनाने भागा आणि वर्गमूळ काढा.

गुणाकार येतो साधारण ७ गुणिले १० चा उणे ४५ वा घात. सी चा घन २.७ गुणिले १० चा २५ वा घात. भागाकार २.६ गुणिले १० चा उणे ७० वा घात. वर्गमूळ घेतलं की १.६ गुणिले १० चा उणे ३५ वा घात मीटर. ही प्लांक लांबी. प्रोटॉनचा आकार साधारण १० चा उणे १५ वा घात मीटर, म्हणजे प्रोटॉनपासून प्लांक लांबीपर्यंत खाली उतरायला वीस शून्यांचं अंतर आहे.

इथे थांबू नका. याच तिघांपासून वस्तुमान काढा: एच-बार गुणिले सी, भागिले जी, आणि वर्गमूळ. उत्तर येतं २.२ गुणिले १० चा उणे ८ वा घात किलो, म्हणजे २२ मायक्रोग्रॅम. चौपाटीवरच्या बारीक वाळूच्या एका कणाचं वस्तुमान साधारण एवढंच भरतं. लांबी इतकी अतिसूक्ष्म आणि वस्तुमान मात्र रोजच्या व्यवहारातलं, हे पाहून बहुतेकांना वाटतं की हिशेब चुकला. चुकलेला नाही. अडचण नेमकी या विजोड जोडीतच आहे: वाळूच्या कणाएवढं वस्तुमान प्लांक लांबीएवढ्या जागेत कोंबायचं.

ते का कोंबायचं, हे बघायला प्रत्येक वस्तुमानाशी जोडलेल्या दोन लांब्या काढा. पहिली कॉम्प्टन लांबी: एच-बार भागिले वस्तुमान गुणिले सी. याहून बारीक जागेत तो कण नेमका बसवता येत नाही, असं पुंजयामिकी सांगते. दुसरी श्वार्झशिल्ड त्रिज्या: दोन गुणिले जी गुणिले वस्तुमान, भागिले सी चा वर्ग. वस्तुमान याच्या आत दाबलं तर कृष्णविवर होतं, असं व्यापक सापेक्षता सांगते. प्रोटॉनसाठी पहिली येते २ गुणिले १० चा उणे १६ वा घात मीटर आणि दुसरी २.५ गुणिले १० चा उणे ५४ वा घात मीटर. दोघींची गाठभेट होण्याची शक्यताच नाही, म्हणून प्रोटॉनचं भौतिकशास्त्र करताना गुरुत्वाकर्षण खुशाल विसरता येतं. वस्तुमान वाढवत न्या. पहिली लांबी कमी होते, दुसरी वाढते, आणि प्लांक वस्तुमानाच्या आसपास दोघी एकमेकींना गाठतात. तिथे 'आणखी बारीक जागेत डोकावून पाहतो' म्हणत ऊर्जा वाढवली की त्या जागी कृष्णविवरच तयार होतं, आणि बारीक बघणं तिथेच संपतं.

याच धर्तीचा विचार मात्वेई ब्रॉनस्टाइन या तरुण सोव्हिएत शास्त्रज्ञाने १९३६ मध्ये मांडला होता. गुरुत्वक्षेत्र एका बिंदूपाशी हव्या तेवढ्या अचूकतेने मोजता येत नाही, आणि त्यामुळे अवकाश-काळाच्या आपल्या रूढ कल्पना बदलाव्या लागतील, हे त्याला दिसलं. दोनच वर्षांनी, १९३८ मध्ये, स्टालिनच्या दडपशाहीत त्याला गोळ्या घातल्या गेल्या. तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. या विषयाच्या इतिहासात त्याचं नाव फार उशिरा आदराने घेतलं जाऊ लागलं, म्हणून इथे मुद्दाम लिहितो आहे.

पायरी दुसरी: 'अजिबात पटत नाही' हे वाक्य डोक्यातून काढा

मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट हीच. गुरुत्वाकर्षण आणि पुंजयामिकी एकत्र मांडताच येत नाहीत, हे खरं नाही. कमी ऊर्जेला ती मांडता येतात आणि उत्तरही मिळतं. १९९४ मध्ये जॉन डोनह्यू यांनी दाखवून दिलं की न्यूटनच्या सूत्रात पुंजयामिकीमुळे पडणारा फरक काढता येतो. पुढे २००३ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तो नेमका मांडला: ४१ भागिले दहा पाय, गुणिले प्लांक लांबीचा वर्ग, भागिले अंतराचा वर्ग. एक मीटर अंतरावरच्या दोन वस्तूंसाठी किमती घालून बघा. फरक येतो ३ गुणिले १० चा उणे ७० वा घात, या क्रमाचा. कोणत्याही प्रयोगात तो कधी सापडणार नाही. पण तो आकडा आहे, आणि क्वांटम गुरुत्वाकर्षणाचा कोणताही अंतिम सिद्धांत आला तरी त्याला हा आकडा द्यावाच लागेल.

मग अडतं कुठे? ऊर्जा वाढवत गेल्यावर. विद्युतचुंबकीय बलाचं क्वांटम गणित करतानाही अनंत किमती येतात, पण त्या इलेक्ट्रॉनचा भार आणि वस्तुमान अशा मोजक्या राशींमध्ये सामावून घेता येतात. ते एकदा प्रयोगाने मोजले की बाकी सगळी उत्तरं निघतात. गुरुत्वाकर्षणात तसं जमत नाही. गणिताच्या प्रत्येक पुढच्या पातळीवर नव्या प्रकारची अनंत किंमत येते आणि तिच्यासाठी नवा स्थिरांक मोजावा लागतो. १९७४ मध्ये हूफ्ट आणि वेल्टमन यांनी पहिल्या पातळीचं गणित केलं. निव्वळ गुरुत्वाकर्षण तिथे तगलं, पण द्रव्य घातल्याबरोबर अडचण आली. दुसऱ्या पातळीवर निव्वळ गुरुत्वाकर्षणही अडकतं, हे गोरॉफ आणि सान्योती यांनी १९८० च्या दशकाच्या मध्याला दाखवलं. प्लांक ऊर्जेपाशी हे न संपणारे सगळे स्थिरांक सारखेच महत्त्वाचे होतात आणि सिद्धांत काही सांगेनासा होतो.

प्लांक ऊर्जा किती? सुमारे १.२ गुणिले १० चा १९ वा घात जीईव्ही (हे कणांची ऊर्जा मोजायचं एकक, हजार जीईव्ही म्हणजे एक टीईव्ही). जिनिव्हाजवळच्या लार्ज हेड्रॉन कोलायडरमधल्या टकरींची ऊर्जा १३.६ टीईव्ही, म्हणजे साधारण १० चा ४ था घात जीईव्ही. मधे पंधरा शून्यं. सरळ टक्कर घडवून उत्तर शोधायचा रस्ता का बंद आहे, ते यावरून कळेल.

पायरी तिसरी: अभ्यासाचा क्रम

क्रम उलटा करू नका, एवढंच कळकळीने सांगतो. तंतू सिद्धांताचं, म्हणजे स्ट्रिंग थिअरीचं, जाडजूड पुस्तक आधी घेतलं की दहाव्या पानावर दम सुटतो आणि माणूस विषयच सोडतो.

कलन आणि रेषीय बीजगणित आधी. मग यामिकीतलं लाग्रांज-हॅमिल्टनचं रूप, विशिष्ट सापेक्षता, पुंजयामिकी. पुंजयामिकीत आवर्ती दोलकावर सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण क्वांटम क्षेत्र म्हणजे अशा असंख्य दोलकांचा समूह. त्यानंतर व्यापक सापेक्षता आणि क्वांटम क्षेत्र सिद्धांत. हे दोन विषय समांतर चालवता येतात. नोकरी करणाऱ्याला इथपर्यंत यायला काही वर्षं लागतील, आणि तसं लागणं अगदी रास्त आहे.

एका विषयाला एकच पाठ्यपुस्तक, आणि त्यातली उदाहरणं सोडवायची. पाच पुस्तकं जमवून प्रत्येकाचं पहिलं प्रकरण वाचणारे मी फार पाहिलेत. लोकलमध्ये वाचन होतं, सिद्धता होत नाही. विरारहून किंवा डोंबिवलीहून येणाऱ्यांनी प्रवासात व्याख्यानं ऐकावीत, आदल्या दिवसाचं टिपण चाळावं, आणि गणित मात्र टेबलाशी बसूनच करावं. जुनी पाठ्यपुस्तकं माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर आणि हुतात्मा चौकाच्या आसपास स्वस्तात मिळतात. शास्त्रविषयांच्या गणिती भागाला जुनी आवृत्ती चालते.

दोघं-तिघं सोबती शोधा. आठवड्यातून एकदा कुणा एकाने फळ्यावर उभं राहून एक सिद्धता करून दाखवायची, आणि ती मराठीत समजावायची. कुठे नुसतं पाठ केलंय ते लगेच उघडं पडतं.

पायरी चौथी: मुंबई वापरा

या विषयासाठी मुंबईएवढं भाग्यवान शहर देशात फार नाही, आणि याची जाणीव इथल्या विद्यार्थ्यांनाच कमी आहे.

कुलाब्याच्या टोकाला, नेव्हीनगरपाशी, टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. जयंत नारळीकर १९७२ मध्ये केंब्रिजहून परतले ते इथे. त्यांच्या हाताखाली इथेच डॉक्टरेट केलेले थाणू पद्मनाभन पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत गेले आणि गुरुत्वाकर्षण हे मूलभूत बल नसून, उष्णता जशी अणूंच्या हालचालीतून उद्भवते तसं ते अवकाश-काळाच्या सूक्ष्म रचनेतून उद्भवत असावं, या विचारावर त्यांनी दीर्घकाळ काम केलं. अशोक सेन १९८८ ते १९९५ या काळात याच संस्थेत होते. तंतू सिद्धांताची वरवर वेगळी दिसणारी रूपं एकमेकांशी जोडलेली आहेत याचा भक्कम पुरावा देणारं त्यांचं १९९४ चं काम कुलाब्यातलं आहे. संदीप त्रिवेदी हे २००३ च्या एका गाजलेल्या शोधनिबंधाचे सहलेखक. प्रसरणशील विश्व तंतू सिद्धांतात बसवता येईल का, हा त्याचा विषय. त्यावरचा वाद आजही जोरात चालू आहे.

तिथे पोचायचं कसं? सुरुवात 'चाय अँड व्हाय' या कार्यक्रमापासून करा. संस्थेचे शास्त्रज्ञ ठरावीक रविवारी जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये आणि माटुंग्याच्या रुपारेल महाविद्यालयात सर्वसामान्यांशी बोलतात. प्रवेश मोफत, प्रश्न विचारायला भरपूर मोकळीक. संस्थेच्या होमी भाभा सभागृहात जाहीर व्याख्यानंही होतात. संशोधकांच्या चर्चासत्राला बसायचं असेल तर संकेतस्थळावर वेळापत्रक बघा आणि आयोजकांना आधी ईमेल करून विचारा. फाटकावर ओळखपत्र लागतं. पहिल्या चर्चासत्रात पाच टक्के कळलं तरी भरून पावलं समजा. वक्त्याने कोणता प्रश्न घेतला, ऐकणाऱ्यांनी त्याला कुठे थांबवलं, एवढंच वहीत टिपा.

पदवीच्या विद्यार्थ्यांनी मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा राष्ट्रीय पदवी विज्ञान उपक्रम बघावा. चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषद आहे, १९६६ पासूनची. मराठीत विज्ञान बोलायची आणि लिहायची सवय तिथे लागते.

घरबसल्या वाचण्यासाठी अर्काइव्ह (arXiv) हे शोधनिबंधांचं मोफत भांडार. १९९१ मध्ये ते सुरू झालं ते मुळात याच विषयाच्या मंडळींसाठी. रोजचे नवे निबंध चाळत बसू नका. आढावा घेणारे लेख आणि उन्हाळी शाळांमधली व्याख्यानं तिथेच असतात, ती शोधा. आधी सारांश, मग प्रस्तावना, मग शेवट, आणि दम असेल तरच मधलं.

पायरी पाचवी: सिद्धांतांना एकच प्रश्न विचारा

आता स्ट्रिंग की लूप, याकडे वळायला हरकत नाही. पण बाजू घेण्याआधी दोघांना एकच प्रश्न घाला: कृष्णविवराची एन्ट्रॉपी, म्हणजे आतल्या सूक्ष्म अवस्था किती याचं माप, मोजून दाखवता का?

याला कारण आहे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बेकनस्टाइन आणि हॉकिंग यांच्या कामातून निघालं की कृष्णविवराला तापमान असतं आणि एन्ट्रॉपीही असते. सूर्याएवढं वस्तुमान असलेल्या कृष्णविवराचं तापमान येतं सुमारे ६ गुणिले १० चा उणे ८ वा घात केल्विन. एन्ट्रॉपी येते त्याच्या क्षितिजाचं (जिच्या आतून प्रकाशही बाहेर येत नाही त्या सीमेचं) क्षेत्रफळ, प्लांक लांबीच्या वर्गात मोजून, भागिले चार. एन्ट्रॉपी आहे म्हणजे आत मोजण्याजोग्या सूक्ष्म अवस्था असल्या पाहिजेत. त्या अवस्था कोणत्या, हे व्यापक सापेक्षता सांगत नाही. क्वांटम गुरुत्वाकर्षणाला ते सांगावंच लागेल. प्रयोग नसताना सिद्धांत तपासायला याहून चांगली कसोटी माझ्या पाहण्यात नाही.

तंतू सिद्धांताचं उत्तर: काही खास, कमाल विद्युतभार असलेल्या कृष्णविवरांसाठी अवस्था एकेक मोजता येतात. सेन यांनी मुंबईत असताना १९९५ मध्ये या दिशेने महत्त्वाचं पाऊल टाकलं, आणि १९९६ च्या सुरुवातीला स्ट्रोमिंजर व वाफा यांनी भागिले चारसकट अचूक उत्तर मिळवलं. हा माझ्या मते या सिद्धांताचा सगळ्यात मोठा विजय. पण आकाशात दिसणारी साधी कृष्णविवरं त्या खास प्रकारात बसत नाहीत.

लूप क्वांटम गुरुत्वाकर्षणाची मुळं १९८६ मध्ये अभय अष्टेकर यांनी शोधलेल्या नव्या चलराशींमध्ये आहेत. अष्टेकर धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचे, १९४९ चा जन्म. आपल्या मातीतल्या माणसाने आइन्स्टाइनच्या समीकरणांना असं नवं रूप दिलं, याचा मला फार अभिमान आहे. या मांडणीत क्षेत्रफळ सलग नसून ठरावीक तुकड्यांत येतं. साध्या कृष्णविवरांसाठीही अवस्था मोजता येतात आणि एन्ट्रॉपी क्षेत्रफळाच्या प्रमाणात निघते. पण 'भागिले चार' मिळवायला सिद्धांतातल्या एका मोकळ्या स्थिरांकाची किंमत तशी निवडावी लागते. वर, २०१२ मध्ये सेन यांनी साध्या कृष्णविवरांसाठी एन्ट्रॉपीतली पुढची बारीक दुरुस्ती कमी ऊर्जेच्या गणितातून काढली, आणि ती लूपच्या उत्तराशी जुळली नाही.

हा सगळा हिशेब एकदा स्वतः वाचा, मग तुम्हाला कोण बरोबर हे विचारायची घाई राहणार नाही. न संपणाऱ्या स्थिरांकांची अडचण जास्त ऊर्जेला आपोआप आवरते असं मानणारी मांडणी आहे, अवकाश-काळ सुट्या घटनांचा बनलाय असं मानणारी आहे. त्यांनाही हाच प्रश्न विचारायचा.

पायरी सहावी: प्रयोग नाहीत, असं कुणी म्हटलं तर

पूर्ण खरं नाही. मे २००९ मध्ये अवकाशातल्या फर्मी दुर्बिणीने सुमारे सात अब्ज वर्षं प्रवास करून आलेला गॅमा किरणांचा एक स्फोट टिपला. त्यातला ३१ जीईव्ही ऊर्जेचा एक फोटॉन स्फोट सुरू झाल्यापासून एका सेकंदाच्या आत पोचला. प्लांक लांबीच्या खडबडीत अवकाशामुळे जास्त ऊर्जेचा प्रकाश त्या प्रमाणात मागे पडतो, असं सांगणाऱ्या साध्या कल्पना या एका फोटॉनमुळे मोठ्या अडचणीत आल्या.

दुसरी दिशा टेबलावरच्या प्रयोगांची. २०१७ मध्ये सौगातो बोस आणि सहकाऱ्यांनी, तसंच मार्लेटो आणि वेड्रल यांनी स्वतंत्रपणे, एक प्रयोग सुचवला. साधारण १० चा उणे १४ वा घात किलोचे दोन सूक्ष्म गोळे, प्रत्येक एकाच वेळी दोन जागी असल्याच्या क्वांटम अवस्थेत, काही सेकंद शेजारी ठेवायचे. बाकी सगळी बलं थोपवूनही दोघांत क्वांटम गुंतागुंत (एंटँगलमेंट) निर्माण झाली, तर ती गुरुत्वाकर्षणानेच केली. आणि निव्वळ अभिजात, म्हणजे क्वांटम नसलेल्या, क्षेत्राला तशी गुंतागुंत निर्माण करता येत नाही, असा युक्तिवाद आहे. त्या युक्तिवादावर मतभेद आहेत, प्रयोग अजून झालेला नाही आणि तो अतिशय अवघड आहे. पण त्याला प्लांक ऊर्जा लागत नाही. प्रयोगाची आवड असलेल्या विद्यार्थ्याने या बाजूला जरूर बघावं.

स्वतःचा सिद्धांत सुचला तर

सुचणं चांगलंच. प्राध्यापकांना पाठवण्याआधी तीन गोष्टी तपासा: त्यातून न्यूटनचं सूत्र निघतं का, बुधाच्या कक्षेचं शतकाला ४३ विकलांचं सरकणं निघतं का, आणि गुरुत्वीय लहरी प्रकाशाच्या वेगाने जातात का. ऑगस्ट २०१७ मध्ये दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून आलेल्या लहरी आणि गॅमा किरण तेरा कोटी वर्षांच्या प्रवासानंतर १.७ सेकंदांच्या फरकाने पोचले होते, तेव्हा इथे हयगय चालत नाही. तिन्ही जमलं तर निर्धास्त लिहा, शक्य तितकं थोडक्यात.

यातच करिअर करायचं असेल तर

बारावीनंतर 'नेस्ट' परीक्षा देऊन कलिन्याच्या मूलभूत विज्ञान उत्कृष्टता केंद्रात पाच वर्षांचा एकात्मिक एमएस्सी करता येतो. बीएस्सीनंतर आयआयटींमधल्या एमएस्सीसाठी 'जॅम' परीक्षा. पीएचडीसाठी 'जेस्ट' आणि टाटा संस्थेची स्वतःची प्रवेश परीक्षा. टाटा संस्थेचा उन्हाळी संशोधन कार्यक्रमही असतो. त्याला अर्ज करताना शिफारसपत्र लागतं, ते शिक्षकांकडे आदल्या दिवशी मागू नका. 'जॅम' साधारण फेब्रुवारीत होते, पण तिचे अर्ज गणपती-नवरात्राच्या सुमारास सुरू होतात आणि सणाच्या गडबडीत तारीख निघून जाते. सप्टेंबर उजाडला की दर आठवड्याला संकेतस्थळ बघायला लागा.